रात्री आठचं धर्मसंकट

आमच्या घरी रोज रात्री आठ वाजता धर्मसंकट येतं. घरातली वेळेवर येणारी ही एकमेव गोष्ट. नळाचं पाणी, भांडीवाल्या मावशी, माझा पगार, सगळ्यांना उशीर चालतो. रोझरीला, म्हणजे आमच्या जपमाळेच्या प्रार्थनेला, चालत नाही. आठच्या ठोक्याला बायको टीव्ही बंद करते, मी मरियामातेच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावतो आणि त्याच क्षणी आमच्या थोरल्याला अभ्यास आठवतो. दिवसभर 'दप्तर कुठाय?' विचारलं की 'कुठलं दप्तर?' म्हणणारा हा मुलगा आठ वाजता भूगोलासाठी जीव टाकायला लागतो. धाकटीला तहान लागते. पाणी प्यायली की दुसरं काही लागतं. ते उरकून दोघं चटईवर येईपर्यंत मेणबत्ती निम्मी संपलेली असते आणि बायकोचा संयम पूर्ण.

आम्ही मूळचे वसईचे, नंदाखालकडचे. तिकडे मुलांना कॅथलिक करावं लागत नाही, ती आपोआप होतात. घराच्या एका बाजूला चर्च, दुसऱ्या बाजूला आत्याचं घर आणि पोरगं रस्त्यात उनाडताना दिसलं तर त्याचा कान धरायला एखादी सिस्टर हजर. रविवारी मिस्सा झाली की धर्मशिक्षणाचा वर्ग भरतो. मुलं आत दहा आज्ञा पाठ करतात आणि आईबाप बाहेर केळी, वांगी आणि व्याही या विषयांवर बोलत उभे राहतात. मीही असाच वाढलो. देव दुसरं कुणीतरी शिकवतं, आपण फक्त पोराला आंघोळ घालून पाठवायचं, याच समजुतीवर माझं लग्न झालं आणि दोन मुलं झाली. मग नोकरी लागली बोरगावच्या औद्योगिक वसाहतीत आणि घर मिळालं जामसांवलीत.

जामसांवली म्हणजे सौंसरजवळचं, हनुमानाच्या देवळासाठी लांबलांबपर्यंत ठाऊक असलेलं गाव. इथले हनुमंत उभे नाहीत की उड्डाण करत नाहीत. पिंपळाखाली चांगले ऐसपैस पहुडलेले आहेत. मंगळवारी-शनिवारी नुसती रीघ लागते. राज्य मध्य प्रदेश, घराघरातली बोली वऱ्हाडी वळणाची मराठी, पाट्या हिंदी आणि मुलांची शाळा इंग्रजी. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा हा नवा जिल्हा काढला, तेव्हा आम्ही पलंगसुद्धा न हलवता जिल्हा बदलला. वसईच्या नातेवाइकांना मी दोन्ही जिल्हे नकाशावर दाखवले. ते म्हणाले, "म्हणजे नागपूरच ना?"

मोठ्या सणांच्या मिस्सेला आम्ही खरंच नागपूरला जातो, सदरमधल्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलमध्ये. हा संत लेखक-पत्रकारांचा आश्रयदाता. पोप अकरावे पायस यांनी १९२३ मध्ये तसं जाहीर केलं. त्यामुळे तिथे मागच्या बाकावर मी जरा हक्काने टेकतो. पण धर्मशिक्षणाच्या वर्गासाठी दर रविवारी पहाटे दोन मुलांना उठवून एवढ्या लांब न्यायचं, तर संताबरोबर पेट्रोल पंपवालाही आश्रयदाता हवा. एका फादरना मी ही अडचण सांगितली. ते म्हणाले, "मग घरी शिकवा. बाप्तिस्म्याच्या वेळी तुम्हीच 'हो' म्हणाला होता."

म्हणालो होतो. बाप्तिस्म्याच्या विधीत आईबापांना विचारतात, मुलाला श्रद्धेत वाढवण्याची जबाबदारी तुम्हाला समजली आहे का? त्या वेळी बाळ टाहो फोडत असतं, फोटोग्राफर 'इकडे बघा' म्हणत असतो आणि बिर्याणी किती माणसांची सांगितली याचा हिशेब डोक्यात चालू असतो. अशा वेळी माणूस कशालाही हो म्हणतो. पुढे वाचून कळलं की प्रकरण फारच पक्कं आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्येच कुटुंबाला 'घरगुती चर्च' म्हणून टाकलं आणि आईबापांना मुलांचे पहिले धर्मोपदेशक नेमलं. १९९२ मध्ये कॅथलिक धर्मशिक्षणाचा जो मोठा ग्रंथ निघाला, त्यात २८६५ परिच्छेद आहेत आणि मुलांना लहानपणापासून धर्म शिकवण्याचं काम आईबापांचं, हे त्यात पुन्हा बजावलेलं आहे. सुटीच्या दिवशी सुटका व्हावी अशी एकही पळवाट त्यात ठेवलेली नाही. आमचं चर्च घरगुती आहे, याबद्दल मात्र कुणाला शंका येणार नाही. वेदीच्या जागी शोकेस, त्यावर मरियामाता, तिच्या उजवीकडे रिमोट आणि डावीकडे विजेचं बिल.

सुरुवातीला मी मोठ्या उमेदीने इतिहास वाचला. संत फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आले तेव्हा हातात छोटी घंटा घेऊन रस्त्यारस्त्यातून वाजवत फिरायचे आणि मुलं गोळा करून त्यांना प्रार्थना शिकवायचे. मी म्हटलं, हेच आपल्याला जमत नव्हतं. सौंसरच्या बाजारातून पितळी घंटा आणली आणि बरोबर आठ वाजता दारात उभं राहून जोरात वाजवली. माझी मुलं आली नाहीत. गल्लीतली बाकी सगळी आली. प्रत्येकाच्या मुठीत दहाची नोट होती. आमच्याकडे कुल्फीवाला याच वेळेला अशीच घंटा वाजवतो. "कुल्फी नाही, प्रार्थना आहे," असं मी सांगितल्यावर त्या मुलांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तशी नजर झेवियरांच्या वाट्याला आली असती तर ते तसेच पुढच्या जहाजाने लिस्बनला परत गेले असते.

मागोमाग शेजारच्या काकू आल्या. डोक्यावर पदर, हात जोडलेले.

"आरती होय का जी?"

"नाही काकू, आमची रोझरी. जपमाळ."

"जप होय ना? मग बसतो ना जी."

त्या बसल्या. पाच रहस्यं, प्रत्येकात दहा वेळा 'नमो मरिया', असं पन्नाशीचं सगळं प्रकरण त्यांनी मांडी न बदलता ऐकलं. तेवढ्या वेळात माझ्या मुलांनी चटईच्या चारही कोपऱ्यांचा दौरा केला होता. शेवटचं 'आमेन' झालं आणि काकूंनी उजवा हात पुढे केला. मी त्यांच्याशी हात मिळवला.

"तसं नाही जी. प्रसाद?"

प्रसाद नव्हता. काकूंना फार वाईट वाटलं. देवाबद्दल नाही, आमच्याबद्दल. "इतका जप केला अन् लेकरांच्या हातावर काहीच नाही? मग लेकरं काहून बसतीन?" धर्मशिक्षणावरच्या सगळ्या जाडजूड पुस्तकांत मला न सापडलेली गोष्ट काकूंनी एका वाक्यात सांगितली. दुसऱ्या दिवसापासून आम्ही फुटाणे ठेवले, मोसमात संत्री. इथे सौंसरला संत्र्यांची ददात नाही. मुलं आठला पाच मिनिटं कमी असतानाच येऊन बसायला लागली. फक्त तिसऱ्या रहस्यापासून त्यांची नजर मरियामातेवरून ढळून वाटीवर स्थिरावते.

वसईहून माझ्या आईचं या सगळ्यावर लक्ष असतं. ती व्हिडिओ कॉलवर रोझरीला बसते. इथलं नेटवर्क इतकं भाविक आहे की प्रत्येक शब्दावर मनन करून मगच तो पुढे सोडतं. त्यामुळे आईचं 'आमेन' आमच्या पुढच्या प्रार्थनेच्या ऐन मध्यावर येऊन आदळतं. गुरुवारी तर तात्त्विक मतभेदच होतात. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००२ मध्ये रोझरीत प्रकाशाची पाच नवी रहस्यं घातली, ती गुरुवारी म्हणतात. आई ती मानत नाही. "माझ्या आईने मला पंधरा शिकवली, तिच्या आईने तिला पंधरा. मधेच पाच कुठून आली?" पोपनी सांगितलंय म्हटलं तर म्हणते, "त्यांच्या आईने नसतील शिकवली."

आम्ही नवराबायको तसबिरीकडे तोंड करून बसतो, मुलं मागे, आणि फोन मुलांच्या पुढ्यात, म्हणजे आजीला हजेरी घेता येते. एका रात्री थोरल्याने गेल्या नाताळचा फ्रेम केलेला फोटो फोनसमोर उभा केला. फोटोत दोघं नव्या कपड्यांत, हात जोडून. आजी डोळे मिटून प्रार्थना म्हणत होती आणि मधूनच एक डोळा उघडून पाहत होती. पाची रहस्यं निर्विघ्न पार पडली. "आज लेकरं किती शांत बसलीत गं!" तिकडून आवाज आला. "सूनबाई, तुझी शिकवण हो." सूनबाईंनी मान लववून शाबासकी घेतली. एवढ्यात पंख्याच्या वाऱ्याने लेकरं तोंडावर पडली. वसईत एकच किंकाळी उठली. तिथल्या शेजाऱ्यांना वाटलं, जामसांवलीत भूकंप झाला.

पण खरी परीक्षा प्रश्नांची. फादर थॉमस स्टीफन्स नावाचे इंग्रज धर्मगुरू १५७९ मध्ये गोव्यात आले. तिथल्या नव्या ख्रिस्ती लोकांनी त्यांना विचारलं, पूर्वी आम्ही पुराणं ऐकायचो, आता काय ऐकायचं? या एका प्रश्नाला उत्तर म्हणून त्या गृहस्थांनी सुमारे ११ हजार ओव्यांचं मराठी 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. १६१६ मध्ये ते छापूनही निघालं. माझ्याकडे प्रश्न आला की मी "आईला विचार" एवढी अर्धी ओवी म्हणतो. स्टीफन्सबाबांचं प्रश्नोत्तरांचं कोकणी पुस्तकही पुढे १६२२ मध्ये निघालं. त्यात गुरू आणि शिष्य यांचा संवाद आहे. छापील शिष्याचं बरं असतं, तो पुस्तकाबाहेरचं काही विचारत नाही. माझे दोन्ही शिष्य पुस्तकात शिरायलाच तयार नाहीत.

इथल्या हनुमंताच्या मूर्तीच्या बेंबीतून पाणी येतं आणि भाविक ते तीर्थ म्हणून घेतात, असं काकूंनी धाकटीला सांगितलं. रात्री आम्ही आदाम-हव्वेची गोष्ट लावली होती. देवाने मातीतून आदाम घडवला, इथवर मी पोचलो आणि प्रश्न आला, "डॅडी, मग आदामाला बेंबी होती का?"

मला वाटलं, पोरगी चेष्टा करते आहे. शोधल्यावर कळलं की या प्रश्नावर युरोपातल्या पंडितांची शतकानुशतकं झोप उडाली होती. फिलिप गॉस नावाच्या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने तर १८५७ मध्ये या बेंबीच्या नावाने अख्खं पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं, आदामाला आई नव्हती तरी देवाने त्याला बेंबी दिलीच असणार. पुस्तक साफ पडलं. मी हे सगळं धाकटीला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे तुम्हाला माहीत नाही."

मग थोरल्याने आघाडी उघडली. सुवार्तेतल्या पंतय पिलाताबद्दल त्याला कळून घ्यायचं होतं, की हे पंत पुण्याचे की साताऱ्याचे. ते मिटतंय तोच मुख्य मुद्दा निघाला.

"डॅडी, मारुतीबाप्पा झोपले काहून?"

मी इथल्या मंडळींकडून ऐकलेलं सांगितलं: मूर्ती पूर्वी उभी होती म्हणतात. खाली गुप्तधन आहे म्हणून चोर आले, तेव्हा हनुमंत त्यावर आडवे झाले.

"मम्मी पण मोबाईल उशीखाली घेऊन अशीच झोपते," धाकटीने दुजोरा दिला.

"ते झोपले तरी देव आहेत ना?"

"आहेत ना. काकूंचे देव आहेत."

"मग आपला देव कधी झोपत नाही?"

आता मला सुचायला नको होतं, पण सुचलं. मी म्हटलं, झोपतो की! मार्कच्या शुभवर्तमानात आहे. समुद्रात वादळ उठलं, होडीत पाणी शिरायला लागलं, शिष्य घाबरून ओरडायला लागले आणि येशू मागच्या बाजूला उशी घेऊन गाढ झोपला होता. मी गोष्ट रंगवून सांगितली. वादळ केलं, होडी हलवली, शिष्यांसाठी दोन-तीन आवाज काढले. दोघांनी डोळे विस्फारून ऐकलं. शिकवणं शिकवणं म्हणतात ते हेच, असं वाटून मी मागे वळून माळ हातात घेतली. पहिलं रहस्य संपलं तरी मागून प्रतिसाद नाही. पाहिलं तर दोघं चटईवर उताणी. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' आईने कौतुकाने पाठवलं होतं. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला हा ग्रंथ थोरल्याने डोक्याखाली घेतला होता.

"उठ! काय चाललंय?"

"होडीत आहे, डॅडी."

"आणि तू गं?"

"मी जामसांवली करून राह्यली."

तेव्हापासून आमच्या घरी 'जामसांवली करणे' असं क्रियापद रूढ झालं आहे. रविवारी जेवणानंतर मीही करतो. देवाधर्माला सोडून काही करत नाही, एवढं समाधान असतं.

झेवियरांची आणखी एक पद्धत होती. दक्षिणेच्या किनाऱ्यावर ते मुलांना सांगायचे, इथे शिकलात ते घरी जाऊन आईबापांना शिकवा. ही पद्धत आमच्याकडे कुणी सुरू न करताच सुरू झाली. दहा आज्ञा शिकवताना मी चौथ्या आज्ञेपासून आरंभ केला होता: आईबापांचा मान राख. सोय पाहिली. दोन दिवस घरात रामराज्य होतं. मग थोरल्याने संत पौलाचं इफिसकरांना लिहिलेलं पत्र उघडलं. पौल मुलांना आज्ञाधारक राहायला सांगतो, आणि तिथेच, श्वासही न घेता, बापांना सांगतो की लेकरांना चीड आणू नका. थोरला ते पान बोटाने धरूनच गणिताचा पेपर दाखवायला आला. सतरा गुण होते. मी तोंड उघडलं. त्याने बोट वर केलं. त्या दिवशी गणितावर चर्चा झाली नाही.

आठव्या आज्ञेने तर पैसेच खर्च झाले. खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा मी आदल्या रात्रीच समजावली होती. दुसऱ्या दिवशी नागपूरच्या बसमध्ये कंडक्टरने थोरल्याकडे पाहिलं.

"याचं वय?"

"बारा व्हायचेत अजून," मी म्हटलं. व्हायचेच होते, पुन्हा होणार नव्हते, एवढंच.

शेजारून धाकटी हळूच म्हणाली, "डॅडी, आठवी! आठवी!"

"आठवीत आहे ना?" कंडक्टर म्हणाला. "मग पूर्ण तिकीट घ्या जी."

धाकटीच्या पहिल्या ख्रिस्तशरीराच्या, म्हणजे फर्स्ट कम्युनियनच्या, तयारीत तर आमची अब्रूच वेशीवर टांगली गेली. पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये ठरवलं की मूल सातेक वर्षांचं झालं, त्याला बरंवाईट कळायला लागलं, की त्याला ख्रिस्तशरीर द्यावं. त्याआधी कुमसार, म्हणजे पापनिवेदन. पापं आठवावीत म्हणून बायकोने धाकटीला कागद-पेन्सिल दिली. धाकटीने मन लावून यादी केली. स्वतःची पापं लवकर संपली, म्हणून उरलेल्या जागेत तिने घरातल्या इतरांची भरली. तोच कागद घेऊन बायको किराणा आणायला गेली. दुकानदाराने चष्मा लावून मोठ्याने वाचायला घेतलं: "दादाच्या डब्यातला लाडू. मम्मीला खोटं बोलली. डॅडी रोझरीत घोरतात. मम्मी आत्याला जाडी म्हणते." मग त्याने वर पाहिलं. "ताई, यातला लाडू आहे. बाकीचा माल आपल्याकडे नाही."

पापनिवेदनात ऐकलेलं फादरना मरेपर्यंत कुणाला सांगता येत नाही, असा चर्चचा कडक नियम आहे. किराणा दुकानदाराला हा नियम लागू नाही. संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला माझं घोरणं कळलं होतं. काकू तर सरळ म्हणाल्या, "घोरा ना जी. आमचे बी देव निजूनच आहेत."

ईस्टरआधीच्या उपवासकाळात वेगळाच घोळ. त्या दिवसांत शुक्रवारी आम्ही मांस खात नाही. वसईत याचा त्रास असा नसतो, कारण मासळीला बंदी नाही आणि पापलेट खाऊन देह दंडवता येतो. इथे मासळी नाही म्हटलं तरी चालेल, तेव्हा शुक्रवारी पिठलं. कारखान्यातले सहकारी नेमकं शुक्रवारीच सावजी मटणाचं आमंत्रण देतात. "शुक्रवारी नाही चालत?" ते चकित होतात. "आमच्यात तर शनिवार पाळतात जी, अन् मंगळवार." शेजारधर्म म्हणून शनिवार-मंगळवार आमच्या स्वयंपाकघरातूनही रश्शाचा वास बाहेर जाऊ नये, असं बायकोचं मत. थोरल्याने बोटांवर हिशेब केला. "म्हणजे येसूबाप्पासाठी शुक्रवार, मारुतीबाप्पासाठी मंगळवार-शनिवार. डॅडी, आपण दोन्हीकडून उपाशी."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार असते. जाम नदीच्या पात्रात झेंडा लावलेलं पळसाचं झाड रोवतात, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि मग दिवसभर दगड. दरवर्षी माणसं रक्तबंबाळ होतात, जीवही गेले आहेत. प्रशासनाने मध्यंतरी दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, लोकांनी ते बाजूला ठेवून दगड उचलले. त्या रात्री मुद्दाम मी योहानाच्या शुभवर्तमानातली ती गोष्ट घेतली, जमाव एका बाईला दगडांनी मारायला निघतो आणि येशू म्हणतो की ज्याने कधी पाप केलं नसेल त्याने सुरुवात करावी. एकेक करून सगळे निघून जातात. आमच्या जपाला आता काकूंबरोबर काकाही येऊन बसायला लागले होते. गोष्ट संपल्यावर सगळे गप्प झाले. गोष्टीचा परिणाम झाला असं मला वाटलं.

थोरला काकांकडे वळला. "काका, मग गोटमारीत पहिला दगड कोण मारते?"

काकांनी बराच विचार केला. "तिथं पापपुण्य नाही पाहत बाप्पा," ते म्हणाले. "तू पांढुर्ण्याचा का सावरगावचा, इतकंच पाहतात."

नाताळात आम्ही गोठा करतो. संत फ्रान्सिस आसिसीकर यांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी खराखुरा बैल आणि गाढव आणून पहिला गोठा सजवला, ही गोष्ट मी मुलांना सांगितली होती. त्यातला त्यांनी बैल तेवढा लक्षात ठेवला. तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल माळ्यावरून खाली आला. चार चाकं, शिंगांना बेगड, पाठीवर झूल, आणि उंची योसेफाच्या दुप्पट. त्याला जागा करण्यासाठी मेंढपाळांना गोठ्याबाहेर काढण्यात आलं. तिघा मागी राजांच्या हातात संत्री होती, कारण सोनं, ऊद आणि गंधरस घरात नव्हते. आईने व्हिडिओ कॉलवर हा देखावा बराच वेळ न्याहाळला. "बाळ येशू कुठाय?" तिने विचारलं. तो बैलाच्या मागे होता. काकूंनी मात्र आल्या आल्या बैलाला कुंकू लावलं, मग वाकून बाळाकडे पाहिलं आणि त्याच्या पायाशी अकरा रुपये ठेवले. ते थोरल्याने सातव्या आज्ञेची आठवण ठेवून तीन दिवस हात न लावता राखले. चौथ्या दिवशी कुल्फीवाला आला.

घरगुती धर्मशिक्षणाची आमच्याकडची आजची स्थिती अशी: थोरल्याला बाराही प्रेषितांची नावं येतात, पण बारावं प्रत्येक वेळी वेगळं असतं. धाकटी रात्री झोपताना स्वतः रचलेली प्रार्थना म्हणते, "येसूबाप्पा, उद्या पेपर सोपा येऊ द्या जी, अन् डॅडीले तिकिटाचे पैसे द्या." बायकोने आत्याला नावं ठेवणं सोडलं आहे, निदान मुलांच्या देखत. मी बसमध्ये मुलांचं वय खरं सांगतो आणि गणिताचा पेपर पाहताना आधी पाणी पितो. काकूंना आमच्या सगळ्या प्रार्थना पाठ झाल्या आहेत, आणि मी अडखळलो तर मागून त्याच पुढचा शब्द पुरवतात. मग शनिवारी जामसांवलीच्या देवळात जाऊन आमच्या मुलांसाठी नारळही फोडतात.

ज्या आईबापांना घरच्या घरी असा वर्ग काढायचा असेल, त्यांनी बेलाशक काढावा. मुलं सुधारतील की नाही याची हमी कुणी देणार नाही, पण मुलं ऐकत आहेत या धाकाने आईबाप सुधारतात, एवढं मी सही करून देतो. तीन पथ्यं मात्र पाळा. घंटा विकत घेऊ नका. पापांची यादी आणि किराण्याची यादी वेगवेगळ्या रंगाच्या कागदावर करा. आणि फुटाणे दाखवून ठेवा, पण शेवटचं 'आमेन' झाल्याशिवाय वाटू नका.